तांदळात ठेवलेली जोडवी

परत आल्यापासून जी भेटेल ती विचारते, “काय वैनी, कशी झाली सहल?” आणि मी आपलं ठोकून देते, “एकदम झकास!” पेढे वाटले, फोटो दाखवले, लाँचवर नाचतानाचा व्हिडिओ तर भाजीवालीलासुद्धा दाखवला. पण आमच्या मंडळाचा एक नियम आहे. जिनं सहल काढली तिनं परत आल्यावर वहीत वर्णन लिहायचं आणि ज्या आल्या नाहीत त्यांना घाटावर बसून वाचून दाखवायचं. नियम मीच केलेला आहे, त्यामुळं आता सुटका नाही.

मंडळ म्हणजे सांगलीत कृष्णेच्या घाटावर सकाळी फिरायला येणाऱ्या आम्ही बायका. मी त्यांची पुढारी. मला कुणी निवडून दिलेलं नाही, माझा आवाज मोठा आहे एवढंच. पस्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. पट्टा फिरत असताना गिऱ्हाइकाशी बोलायचं तर कोकलावंच लागतं. पुढं गिरणी मुलाकडं गेली, आवाज तेवढा माझ्याकडं राहिला. घरात मी फोनवर बोलायला लागले की नातवंडं टीव्ही मोठा करतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण जिथं ह्या आवाजाची खरी गरज पडली तिथं तो माझ्या कामाला आला नाही.

बेत असा होता. सांगलीहून साताऱ्याला जायचं, रात्री मुक्काम. दुसऱ्या दिवशी कास पठारावरून बामणोलीला उतरायचं. तिथं कोयना धरणाचं पाणी डोंगरांच्या खोबणीतनं लांबवर पसरलंय. त्या पाण्यातनं लाँचनं तापोळ्याला जायचं, आणि आमची गाडी मेढ्यावरून वळसा घालून तिथं येणार. मग महाबळेश्वर करून घरी. संक्रांत होऊन आठवडा झाला होता, हळदीकुंकवं आटोपत आली होती, म्हणजे बायकांना घरातनं सोडायला कुणाची हरकत नव्हती. अकरा जणी तयार झाल्या.

त्यात पहिलं नाव शालननं दिलं, ह्याचं सगळ्यांना नवल वाटलं. शालन माझी शेजारीण, भिंतीला भिंत. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, ब्लाऊज शिवून तिनं दोन पोरी उजवल्या. बोलणं म्हणाल तर मी दहा वाक्यं बोलले की ती एकदा “व्हय” म्हणणार. आजवर एकाही सहलीला आली नव्हती. मी तिला विचारायला हवं होतं, की बाई गं, आताच कसं काय? ते राहिलं बाजूला, मी चारचौघींत ओरडले, “आली बाई एकदाची माणसात!” सगळ्या हसल्या. तीही हसली.

ती का आली हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला मात्र आधीच सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारख्या हसत बसाल.

शालनचं माहेर जावळीतलं, कोयनेच्या काठावरची एक वाडी. नाव लिहीत नाही. ती जन्मायच्या आधी मूळ गाव धरणात गेलं, मग वर डोंगराच्या उतारावर चार घरं पुन्हा उभी राहिली. तिची थोरली बहीण, तिला ती आक्का म्हणते, त्याच वाडीत दिलेली. आई आक्काजवळच असायची. अकरा वर्षांपूर्वी आई आजारी पडली तेव्हा शालन तिला उपचाराला सांगलीला घेऊन आली, आणि आई सांगलीतच गेली. दिवस पावसाळ्याचे. लाँच बंद, दरड पडून रस्ता बंद. आक्का पोचली ती तिसऱ्या दिवशी. “आईचं त्वांड बी दावलं न्हाईस,” एवढं बोलून ती माघारी गेली. तेव्हापासून बहिणी-बहिणींचं बोलणं नाही.

पण जाण्याआधी आईनं शालनजवळ एक वस्तू दिली होती. तिची चांदीची जोडवी. नवरा गेल्यावर पायातनं काढून ठेवलेली. शालनलाही ती घालता येणार नव्हती, आक्काचा नवरा होता. “थोरलीला दे,” म्हणाली. आक्काच्या मनात पक्कं बसलं होतं की शेवटच्या दिवसांत आईला आपली आठवणसुद्धा झाली नाही. ती झाली होती, हे दाखवायला शालनकडं दुसरा कसलाच पुरावा नव्हता. अकरा वर्षं तिनं ती जोडवी शिलाई मशीनच्या खणात ठेवली. यंदा आक्काच्या सुनेचा फोन नंबर मिळाला. “या,” सून म्हणाली, “सासूबाई नको म्हन्ल्या न्हाईत.” शालननं तेवढ्यावर सहलीला नाव दिलं.

सातारा

पहिल्या दिवसाचं वर्णन करण्यासारखं म्हणजे खाणं. सांगलीकर बाई घर सोडते ती डबे घेऊनच, त्यामुळं कराड यायच्या आत भडंगाच्या तीन पिशव्या संपल्या. साताऱ्यात कंदी पेढ्यांच्या दुकानात विमलताईनं, म्हणजे आमच्या निवृत्त शाळामास्तरीणबाईंनी, चव बघता बघता एवढे पेढे खाल्ले की दुकानदार म्हणाला, “आवं आज्जी, आता विकत तरी घ्या.” आम्ही रस्त्यात बसून हसलो. साताऱ्याचं गार वारं मात्र काय सांगू! सांगलीत जानेवारीतही दुपारी पंखा लावायची सवय, इथं दुपारीच शाल काढावी लागली.

जेवताना मी दुसऱ्या दिवसाच्या सूचना दिल्या. त्यातली एक आधीच फोनवर आवाज भरून सगळ्यांना पाठवली होती. प्रत्येकीनं एक नारळ, एक खण आणि मूठभर तांदूळ बांधून आणायचे, लाँच मध्यावर गेली की कोयनामाईची ओटी भरायची. आम्ही कृष्णेची भरतोच. कोयना तिची बहीण, कराडला तिला मिळते, मग तिला का वगळायचं? आणि ओटी सगळ्यांनी भरायची. आमच्या मंडळात नवरा असलेली, नसलेली, असा भेद मी ठेवलेला नाही. हळदीकुंकवालाही सगळ्यांना बसवते. ह्याचा मला अभिमान होता. आता त्या अभिमानाचीच लाज वाटते.

बामणोली

कासला फुलं नव्हती. ती पावसाच्या शेवटी असतात, हे मला माहीत होतं, पण बायकांना मी सांगितलं नव्हतं, नाहीतर निम्म्या गळल्या असत्या. वाळकं गवत आणि वारा बघून सगळ्यांनी मला शिव्या घातल्या. उतारावरच्या वळणांनी दोघींना ओकाऱ्या झाल्या. पण शेवटच्या वळणाला पाणी दिसलं आणि सगळ्या खिडक्यांकडं सरकल्या. आमची कृष्णा पूर आला तरी पलीकडचा काठ दाखवते. इथं एका डोंगरामागं पाणी जातं, दुसऱ्यामागनं बाहेर येतं, कुठं सुरू आणि कुठं संपलं कळत नाही.

धक्क्याजवळ एका घरात पिठलं आणि तांदळाची भाकरी खाल्ली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आम्ही, ती पांढरीशुभ्र मऊ भाकरी बघून “ही भाकरी की घावन?” म्हणून चिडवत होतो. शालन एकटी मन लावून खात होती. “माज्या आईची अशीच,” ती म्हणाली. मी म्हटलं, “आगं, बोलली की ही!” आणि पुन्हा हशा.

पाण्यावर

लाँच चालवणारे बाबा साठीचे, कानटोपी घातलेले. त्यांनी आम्हाला लाल जाकिटं घालायला लावली आणि माझ्या हातातली भली मोठी पिशवी बघून विचारलं, “ह्यात काय हाय?”

“ओटीचं सामान.”

“नारळ सोडा बाई, कापडं नका सोडू. पंख्यात गुततंया.”

“एवढासा खण काय करतोय वो? आमी कृष्णेत कवापासनं सोडतोय.”

ते इंजिनाकडं वळले. माझ्याशी बोलून उपयोग नाही हे लोकांना लवकर कळतं.

बामणोली मागं पडली. गाणी झाली, नाच झाला, तोच तो व्हिडिओ. मग मी पिशवी उघडली आणि एकेकीला तिची ओटी दिली. प्रत्येकीनं हात जोडून ती पाण्यात सोडली. दहा झाल्या, पिशवी रिकामी झाली. शालन मागं, कडेच्या फळीवर, आमच्याकडं पाठ करून बसली होती. डोळे काठावर. वाडी कुठं दिसते ते ती शोधत होती, हे मला आता कळतंय. तेव्हा वाटलं, नवरा नाही म्हणून लाजून मागं बसली. मला तिची दयाही आली आणि रागही आला. इतकी वर्षं ह्या मंडळात, आणि अजून ही मागंच बसते? तिच्या शेजारी कापडी पिशवी होती. त्यातनं बांधलेल्या पुडक्याची गाठ आणि नारळाची शेंडी वर आलेली दिसत होती.

“आगं शालन, तुजी ऱ्हायली की! लाजतीस कशाला? आपल्यात तसलं काय न्हाई!” असं ओरडत मी ते पुडकं उचललं. हाताला कापड जुनं लागलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. नवा खण असा लागत नाही. पस्तीस वर्षं बोटांनी पीठ जाडं की बारीक ओळखलेली बाई मी, मला ते कळलं होतं. पण हात निघाला होता. शालन वळली, तिनं हात पुढं केला. मला वाटलं, नमस्काराला. “कोयनामाईच्या नावानं...” म्हणत मी ते सोडून दिलं.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

“वैनी,” शालन म्हणाली, “ती आक्काची हुती.”

आवाज चढला नाही की रडू नाही. बाबांना मात्र तिच्या तोंडावरनं कळलं. त्यांनी इंजिन बंद केलं, लाँच वळवली. पाण्यावर नारळ डुलत होता. जरा पुढं हिरवं लुगड्याचं फडकं पसरून तरंगत होतं, गाठ सुटलेली. बाबांनी बांबूनं दोन्ही ओढून घेतली. तांदूळ गेले होते. तांदळात ठेवलेली जोडवी गेली होती.

“किती पाणी हाय बाबा हितं?” मी विचारलं.

“उन्हाळ्यात बी तळ दिसत न्हाई.”

मग शालननं सगळं सांगितलं, तुम्हाला मी वर सांगितलं ते. एका वेळेला इतकं बोलताना तिला मी पहिल्यांदा ऐकलं. मी तिचे हात धरले, “चुकलं गं माजं, चुकलं,” म्हणत राहिले. ती हात सोडवून ओलं फडकं पिळत होती.

विमलताईला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बरं बोलता येतं. ती म्हणाली, “शालन, असं बघ, तुमचं मूळ गाव ह्या पाण्याखालीच आहे ना? आईचं होतं ते आईच्या गावाला पोचलं.” सगळ्यांनी माना हलवल्या. खरं सांगते, मलाही ते गोड लागलं. माझी चूक क्षणभर देवाची करणी झाली.

शालन म्हणाली, “आईनं आक्काला दिल्ती. गावाला न्हाई.”

 मी म्हटलं, “मी सांगते आक्काला. तू काळजी करू नको, मी हाय न्हवं? मी बोलते.” हे मी मोठ्यानं म्हटलं. दहा जणींनी ऐकलंय.

वाडीचा काठ

वाडी तापोळ्याच्या वाटेवरच होती, शालननं दाखवली तिथं बाबांनी लाँच लावली. काठावर आक्का उभी होती. सत्तरीची, वाळलेली, हातात काठी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. शेजारी उभी असलेली सून म्हणाली, सकाळपासनं इथंच बसल्यात, जेवायलाबी वर आल्या न्हाईत. ऐकायला कमी येतं, मोठ्यानं बोला.

मोठ्यानं बोलायला मीच तर होते.

शालन उतरली. तिच्या शेजारी मी उतरले. बाकीच्या मागं चिखलात. शालन वाकून पाया पडली, आक्कानं पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला. मग तिचं लक्ष ओल्या फडक्याकडं गेलं. तिनं ते हातात घेतलं, काठ बोटांनी चाचपला.

“आईच्या लुगड्याचं हाय हे.”

“व्हय.”

“ह्यात काय हुतं?”

“जोडवी हुती आक्का. आईची. तुला द्याया सांगितल्ती तिनं.”

आक्काचं तोंड एकदम लहान पोरीसारखं झालं. मी ते पाहिलं. डोळे भरले नाहीत, नुसतं तोंड उघडं राहिलं. “मला?” ती म्हणाली. “कुठायत?”

आता माझी पाळी होती. मी तोंड उघडलंही. आणि मनात आलं, ही बाई आता माझ्याकडं बघेल, ह्या दहा जणी माझ्याकडं बघतील, परक्या गावात, माझ्याच मंडळासमोर. एवढ्यात शालन म्हणाली, “पाण्यात पडली, आक्का. माज्या हातनं.”

आणि मला हायसं वाटलं. लपवत नाही, तेच वाटलं.

आक्कानं पाण्याकडं पाहिलं, मग फडक्याकडं, मग शालनकडं. तोंड मिटलं. “जोडवी न्हवती तर न्हवती म्हन की,” ती म्हणाली. “पाण्याला कशाला बोल लावतीस? मला काय मागायची न्हवती.”

“हुती, आक्का.”

“आसू दे. अकरा वर्सांनी आलीस. फडकं तरी आनलंस.”

मी तिथंच उभी होते. एक वाक्य लागत होतं. ‘आक्का, मी टाकली, मी, ह्या हातानं.’ गिरणीचा पट्टा फिरत असताना रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारणारी मी, हाताच्या अंतरावरच्या म्हातारीला ते सांगू शकले नाही.

मग आक्कानं डबा उघडला. कसंही असलं तरी दारात आलेल्या आम्ही पाहुण्या. प्रत्येकीच्या हातावर तिनं तिळाचा एकेक लाडू ठेवला. “गोड बोला,” प्रत्येकीला म्हणाली. मलाही म्हणाली. शालनला शेवटी दिला, काही न बोलता. बाबांनी लाँचचा भोंगा वाजवला. वारं उठलं होतं, तापोळ्याला वेळेत पोचायचं होतं. आम्ही चढलो. आक्का ते फडकं घडी घालून कमरेला खोचताना दिसली, पुढं वळणामागं वाडी गेली.

तापोळा आणि पुढं

तापोळ्याला स्ट्रॉबेरी खाल्ल्या, महाबळेश्वरला दोन पॉइंट बघितले, माकडानं एकीची पर्स पळवली ती परत मिळाली. हे सगळं झालं, पण मला विचाराल तर आठवत नाही. परतीच्या वाटेवर मी शालनशेजारी बसले. “तू माजं नाव का न्हाई घेतलंस?” विचारलं.

“तुमी म्हन्ला हुता, मी बोलते म्हनून,” ती म्हणाली. “मी वाट बघितली जरा.”

घरी आल्यावर चार दिवसांनी मी धीर केला, सुनेला फोन लावला. तिनं आवाज मोठा करून फोन सासूबाईंपुढं धरला. मी सगळं सांगितलं, अगदी ओरडून, शेजारपाजारच्यांनी ऐकलं असेल. ओटी, पुडकं, माझा हात, सगळं.  मग आक्काचा आवाज आला, माझ्याशी नाही, सुनेशी. “शालननं शिकवून बोलाया लावलंय बग. बिचारी बाई.” फोन बंद झाला.

काठावर बोलले असते तर खरं ठरलं असतं. ओलं फडकं हातात होतं, बाबा साक्षीला होते, दहा जणी होत्या. चार दिवसांनी फोनवर तेच बोलले तर ते पढवलेलं झालं. आता त्या दोघींत पूर्वीपेक्षा वाईट झालंय. आधी आक्काला वाटायचं आई विसरली. आता वाटतं, आई तर विसरलीच, वर धाकटी खोटं बोलली.

शालन रोज घाटावर येते. माझ्याशी पहिल्यासारखीच वागते. धरणातनं सोडलेलं पाणी कोयनेतनं कराडला कृष्णेत येतं आणि तिथनं आमच्या घाटाला लागतं, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. चांदी काही वाहत येत नाही, एवढं मलाही कळतं. तरी पायरीवर बसले की माझी नजर पाण्यातच जाते.

हे सगळ्यांसमोर वाचण्याआधी शालनला दाखवावं म्हणून काल मी वही घेऊन तिच्या दारात गेले. ती मशीनवर बसली होती. मी उंबऱ्यावर बसून पहिल्यापासनं वाचलं. माझं चुकलं ते कुठंही लपवलं नाही, हे तिला कळावं असं मला वाटत होतं. काठावरचं वाचून झालं. तिनं मशीन थांबवलं, दोरा दातानं तोडला.

“वैनी,” ती म्हणाली, “हे मला कशाला वाचून दावताय? मी तिथंच हुते की. माज्या शेजारीच उभ्या हुता तुमी.”